जाड भिंतीने घर थंड होत नाही. मग जैसलमेरच्या हवेल्या थंड कशा?

जैसलमेरला फिरायला गेलात आणि पटवों की हवेली बघितलीत, की गाईड एक वाक्य हमखास ऐकवतो: "भिंती जाड आहेत ना, म्हणून आत थंड." आपणही मान डोलावतो. हेच वाक्य पुढे वास्तुरचनेच्या मासिकांत येतं, बिल्डरच्या ब्रोशरमध्ये येतं, आणि मग कुणीतरी पिवळ्या दगडाची जाड भिंत, दोन झरोके आणि एक जाळी लावून "पारंपरिक, पर्यावरणपूरक" घर बांधतं. पहिल्याच मे महिन्यात प्रत्येक खोलीत एसी बसतो.

माझा पीएचडीचा विषय इमारतींमधली उष्णता हा आहे. त्यामुळे "जुनी घरं थंड का असायची?" हा प्रश्न मला लग्नकार्यातसुद्धा विचारला जातो. आज त्याचं नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करते. थोडी आकडेमोड आहे, पण शाळेतल्या गणिताच्या पलीकडची नाही. सोयीसाठी सगळे आकडे गोळाबेरीज घेतले आहेत.

भिंत नेमकं काय करते?

थरच्या वाळवंटापासून सुरुवात करू. भारतातलं आजवरचं सर्वाधिक नोंदलेलं तापमान याच भागातलं आहे: फलोदी, १९ मे २०१६, ५१ अंश सेल्सिअस. तो अपवादाचा दिवस झाला. जैसलमेरचा मे महिन्यातला नेहमीचा दिवस बघितला, तर दुपारी ४१-४२ अंश आणि पहाटे २६ च्या आसपास. म्हणजे एकाच दिवसात १५-१६ अंशांचा फरक. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला रोज तापमानाची एक लाट येऊन धडकते. दुपारी वर, पहाटे खाली. ही लाट भिंतीतून आत सरकताना दोन गोष्टी होतात. एक, तिला उशीर होतो. दोन, ती विरत जाते.

किती? जैसलमेरचा वालुकाश्म आणि ४५ सेंटिमीटर जाडीची भिंत धरली, तर उशीर होतो साधारण १० तास, आणि लाटेची उंची उरते जेमतेम चौदावा हिस्सा. बाहेर दुपारी ३ ला कमाल तापमान असेल, तर त्याची आतली "दुपार" मध्यरात्रीनंतर होते, आणि तीही अगदी दमलेली.

आता १२ सेंटिमीटरचा आरसीसी स्लॅब घ्या. उशीर तीन-एक तास, आणि लाटेचा जवळजवळ अर्धा भाग शाबूत. म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना संध्याकाळी ५-६ वाजता डोक्यावर तवा धरल्यासारखं वाटतं. ऊन उतरलेलं असतं, पण दुपारचं ऊन स्लॅबमधून आत्ता कुठे खाली पोचत असतं.

इथपर्यंत गाईडचं म्हणणं बरोबर आहे. पण खरी गोम पुढे आहे.

सरासरीचा सापळा

लाट चपटी केली की काय उरतं? सरासरी.

जैसलमेरच्या मे महिन्यातल्या दिवसाची सरासरी काढा: ४२ आणि २६ च्या मध्ये, म्हणजे ३४ अंश. भिंत कितीही जाड करा, एक मीटर करा, तरी ती आतलं तापमान या ३४ च्या जवळ आणून ठेवेल, त्याखाली नेणार नाही. उलट भिंतीवर आणि छतावर दिवसभर ऊन पडतं, त्यामुळे बाहेरच्या पृष्ठभागाची सरासरी हवेच्या सरासरीपेक्षाही वर जाते. म्हणजे नुसत्या जाड भिंतीचं, दारं-खिडक्या सदोदित बंद ठेवलेलं घर दिवसरात्र ३५-३६ अंशांवर बसेल. चोवीस तास. रात्री बाहेर गार वारं सुटलेलं असतानासुद्धा.

एका वाक्यात सांगायचं तर भिंत ही बँक आहे. तुम्ही ठेवाल तेच ती परत देते. तिच्यात रात्रीचा गारवा जमा केलात तर दिवसा गारवा मिळेल. काहीच जमा केलं नाहीत, तर ती फक्त दुपारची उष्णता मध्यरात्री तुमच्या हातात ठेवेल.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: जुन्या हवेलीने सरासरी खाली कशी ओढली?

सरासरी खाली ओढायच्या चार युक्त्या

*पहिली, ऊन भिंतीपर्यंत पोचूच न देणं.* जैसलमेरच्या गल्ल्या अरुंद आणि घरं उंच, एकमेकांना खेटून. समोरचं घर आपल्या घराला सावली देतं. त्यावर झरोके आणि छज्जे पुढे आलेले, ते खालच्या भिंतीला सावली देतात. जाळीचं कामही हेच. पश्चिमेच्या उघड्या खिडकीवर उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. दीड चौरस मीटरची खिडकी म्हणजे खोलीत छोटा हीटर चालू ठेवल्यासारखं आहे. जाळी हे ऊन बाहेरच अडवते. आपण आतून पडदा लावतो, तेव्हा ऊन काचेतून आत येऊन चुकलेलं असतं. तापलेला पडदा खोलीतच उष्णता सोडतो.

*दुसरी, छताची काळजी.* उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, म्हणून सगळ्यात जास्त ऊन भिंतींना लागत नाही, छताला लागतं. जैसलमेरच्या जुन्या घरांत लाकडी तुळयांवर गवताची किंवा वेताची चटई आणि त्यावर मातीचा जाड थर असे. मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. आपलं माळवद किंवा धाब्याचं घर म्हणजे याचंच भावंड.

*तिसरी, रात्र आत घेणं.* वाळवंटातली हवा कोरडी आणि आकाश बहुधा निरभ्र, त्यामुळे गच्ची आणि चौकाची फरशी रात्री आकाशाकडे उष्णता फेकून झपाट्याने गार होतात. गार हवा जड असते, ती चौकात उतरते आणि उघड्या दारांतून खोल्यांत शिरते. सकाळी ऊन चढायच्या आत दारं बंद. बँकेत रोख भरायची वेळ रात्रीची, काढायची वेळ दुपारची.

*चौथी, माणसांनीच जागा बदलणं.* उन्हाळ्यात दुपारी खालच्या मजल्यावर, रात्री गच्चीवर. भिंतीतून दहा तासांनी आत उतरणारी उष्णता मध्यरात्री खोलीत येत असे, तेव्हा तिथे कुणी झोपलेलंच नसे! ही युक्ती वास्तूच्या नकाशात दिसत नाही, म्हणून नक्कल करताना सगळ्यात आधी तीच सुटते.

या चारही युक्त्या एकत्र चालल्या तरच जाड भिंतीला अर्थ येतो. झरोका आणि जाळी फक्त दर्शनी भागावर लावून रात्री खिडक्या बंद ठेवल्या, तर ती निव्वळ सजावट झाली.

रात्र आत घेतली तर किती फायदा?

हिशोबच करू. ४ बाय ४ मीटरची खोली, उंची ३ मीटर. हवेचं घनफळ ४८ घनमीटर. रात्री ८ तास पंख्याने तासाला दहा वेळा खोलीतली हवा बदलली, आणि आतला दगड बाहेरच्या हवेपेक्षा सरासरी ६ अंश गरम आहे असं धरलं, तर रात्रभरात सुमारे ७ किलोवॅट-तास उष्णता बाहेर जाते. एक टनाचा एसी पूर्ण ताकदीने दोन तास चालवला तर तो साधारण एवढीच उष्णता काढेल.

ही उष्णता निघते कुठून? चारही भिंतींच्या आतल्या १० सेंटिमीटर दगडातून. त्याचं तापमान त्यामुळे साधारण ३ अंशांनी खाली येतं. दुसऱ्या दिवशी खोली ३४-३५ ऐवजी ३१-३२ वर राहते, वर छताचा पंखा लावला की शरीराला आणखी दोन-तीन अंश कमी वाटतं. ही काही शिमल्याची हवा नाही. पण बाहेर ४२ असताना हे जगण्यासारखं आहे, आणि वीज गेली तरी टिकणारं आहे.

आता हीच भिंत एसीच्या घरात कशी वागते बघा. दिवसभर बंद घर, भिंत तापलेली. रात्री तुम्ही खिडक्या बंद करून एसी लावता. एसीला खोलीतली हवा तर गार करावी लागतेच, शिवाय टनावारी तापलेला दगडही. बाहेरची फुकटची गार हवा खिडकीला टेकून उभी असते आणि आपण तिला आत घेत नाही. जाड भिंत इथे मदत करत नाही, बिलच वाढवते.

मग आधुनिक तंत्र कुठे उपयोगी पडतं?

"परंपरा श्रेष्ठ की विज्ञान" या वादात मला पडायचं नाही. जुन्या घराच्या प्रत्येक भागाचं *काम* ओळखायचं, आणि ते काम आज कशाने होईल हे बघायचं, एवढंच.

छताचंच उदाहरण घेऊ. ४० सेंटिमीटर कोरड्या मातीच्या माळवदातून जी उष्णता झिरपते, तिची यू-व्हॅल्यू (म्हणजे एक अंशाच्या फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात) माझ्या हिशोबाने १.२ ते १.४ येते. २०१८ मध्ये आलेल्या इको निवास संहितेने, म्हणजे निवासी इमारतींसाठीच्या केंद्रीय ऊर्जासंहितेने, छताला घातलेली मर्यादा आहे १.२. म्हणजे आपले पूर्वज कोडच्या काठावर पास होत होते! उघडा आरसीसी स्लॅब याच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो.

मग परत माळवदं घालायची का? नाही. ४० सेंटिमीटर मातीचं वजन दर चौरस मीटरला सहाशे किलोच्या वर जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. तिथली बरीचशी घरं मातीत रचलेल्या दगडी भिंतींची आणि जड माळवदाची होती. छत अंगावर आलं. ज्या छताने पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा सुसह्य केला, त्यानेच एका पहाटे जीव घेतले. परंपरेचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

आज तेच काम ५ सेंटिमीटर इन्सुलेशन बोर्ड करतो. वजन चौरस मीटरला दोन किलोच्या आत, यू-व्हॅल्यू ०.६ च्या आसपास. त्यावर पांढरी चायना मोझाइक किंवा चुन्याचा गिलावा. पांढऱ्या पृष्ठभागाने ऊन परतवलं, बोर्डाने उरलेलं अडवलं, आणि खालचा काँक्रीटचा स्लॅब आता खोलीच्या बाजूने गारवा साठवायला मोकळा झाला.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. इन्सुलेशन *बाहेरून* आणि वजनदार थर *आतून*. पुष्कळ ठिकाणी सोय म्हणून आतून थर्माकोल आणि फॉल्स सीलिंग करतात. त्याने उष्णता थोडी अडते, पण तुमची बँक सीलिंगच्या वर, उन्हाच्या बाजूला बंद होते. रात्रीची गार हवा स्लॅबपर्यंत पोचतच नाही.

भिंतीचंही तेच. ४५ सेंटिमीटर वालुकाश्माची यू-व्हॅल्यू २.५ येते, २० सेंटिमीटरच्या हलक्या एएसी ब्लॉकची ०.७. नुसता हा आकडा पाहिला तर हवेलीची भिंत नापास आणि ब्लॉकची भिंत पहिल्या वर्गात. इको निवास संहितेत भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट अशी आहे. त्या सूत्रात यू-व्हॅल्यू आहे, काच आहे, सावली आहे, दिशा आहे. पण भिंतीने केलेला दहा तासांचा उशीर कुठेच नाही. शिवाय ही संहिता मुळात ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. वाळवंटातलं, किंवा तुमच्या तालुक्यातलं, साधं घर तिच्या नजरेतच येत नाही.

याचा अर्थ एएसी वाईट असा नाही. एसी लावूनच राहायचं ठरलं असेल तर हलकी, उष्णता अडवणारी भिंत बरी. रात्रीची हवा घेऊन राहायचं असेल तर आत वजन हवं. दोन्ही हवं असेल तर बाहेरून अडवणारा थर आणि आतून वीट, दगड किंवा मातीचा ब्लॉक. आधी *कसं राहणार* ते ठरवायचं, मग भिंत निवडायची.

एक चांगलं उदाहरण, आणि त्याची मर्यादा

जैसलमेरजवळ कनोई इथे राजकुमारी रत्नावती गर्ल्स स्कूल आहे. अमेरिकी वास्तुरचनाकार डायना केलॉग यांनी आराखडा केला, काम स्थानिक कारागिरांनी केलं, २०२१ मध्ये पूर्ण झालं. लंबगोल आकार, मधे मोठं अंगण, तिथलाच पिवळा वालुकाश्म, जाळी, आतून चुन्याचा गिलावा, पावसाचं पाणी साठवायची सोय, आणि गच्चीवर सौर पॅनेल. ते पॅनेल वीज देता देता सावलीही धरतात. एकाच वस्तूकडून दोन कामं करून घ्यायची, हा खास वाळवंटी स्वभाव आहे.

पण शाळा दिवसा भरते आणि रात्री रिकामी असते. रात्रभर सगळं उघडं ठेवून इमारत गार करायला तिथे कुणाची अडचण नाही. घरात मात्र आपण नेमके रात्री असतो, आणि डास, चोर, धूळ, शेजारच्या लग्नाचा डीजे हे सगळं खिडकीबाहेर वाट बघत असतं. म्हणून शाळेचा नकाशा जसाच्या तसा घराला लागू पडत नाही. घराला मच्छरजाळी हवी. जाळीने वारा कमी होतो, म्हणून जिन्याच्या डोक्याशी हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. आणि निर्धास्त झोपता यावं म्हणून मजबूत ग्रिल हवं. दिसायला क्षुल्लक गोष्टी आहेत, पण रात्र आत घेता येणार की नाही हे त्याच ठरवतात.

पाण्याचा हिशोब

"कूलर लावा की, कोरडी हवा आहे." बरोबर. एक लिटर पाणी वाफ होताना ०.६७ किलोवॅट-तास उष्णता घेऊन जातं. पण मध्यम कूलर तासाला ८ लिटर पाणी पितो असं धरलं, तर रोज दहा तास आणि शंभर दिवसांचे झाले ८,००० लिटर. जैसलमेरला वर्षाला पाऊस साधारण १८० मिलिमीटर. १०० चौरस मीटर छतावरचा थेंबन्‌थेंब टाक्यात साठवला तरी १८,००० लिटर. म्हणजे वर्षाच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा एका कूलरच्या पोटात! म्हणून आधी सावली, मग छत, मग रात्र, आणि उरलेल्या गरजेपुरता कूलर. हा क्रम उलटा केला की वाळवंटात घर परवडत नाही.

हे आपल्याकडे चालेल का?

मुंबईचा मे महिना बघा: दुपारी ३३-३४, पहाटे २७. फरक जेमतेम ६-७ अंश, आणि हवा दमट. रात्रीच्या बँकेत भरायला रोखच नाही. तिथे जाड भिंतींपेक्षा सावली आणि वारा महत्त्वाचा. कोकणातली घरं उतरत्या छपराची, पडवीची आणि वारा खेळता ठेवणारी का, हे यावरून लक्षात येईल. जैसलमेरची हवेली पनवेलला आणणं म्हणजे स्वेटर घालून पोहायला जाणं.

नागपूरला मात्र मे मध्ये दुपारी ४२-४३ आणि पहाटे २८. फरक १४-१५ अंश, हवा कोरडी. अकोला, चंद्रपूर, जळगाव याच रांगेतले. इथे थरच्या युक्त्या खरोखर लागू पडतात, जून उजाडेपर्यंत. पाऊस सुरू झाला की दिवसरात्रीचा फरक आटतो, आणि घराला मोठ्या खिडक्या उघडून कोकणासारखं वागावं लागतं. म्हणजे विदर्भातल्या घराला दोन स्वभाव हवेत.

आता काळजीची गोष्ट. दिवसा ४० च्या वर आणि रात्रीही किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त वर राहिलं, तर हवामान खातं त्याला "उष्ण रात्र" म्हणतं. अशा रात्री वरचा सगळा हिशोब ढासळतो. भिंत आणि हवा यांच्यातला ६ अंशांचा फरक ३ झाला, की बाहेर जाणारी उष्णताही निम्मी. पृथ्वी तापते आहे तसा आपल्या बँकेचा व्याजदर घसरतो आहे. त्यामुळे सावली आणि छत यांचं महत्त्व पुढच्या काळात आणखी वाढेल, कारण त्या दोन गोष्टी रात्रीवर अवलंबून नाहीत.

घर बांधणार असाल, तर "जुन्या पद्धतीचं बांधून द्या" एवढंच सांगून थांबू नका. आर्किटेक्टला हे विचारा:

- पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीवरचं ऊन *बाहेर* कशाने अडणार?
- स्लॅबच्या *वर* काय घालणार, आणि त्याचा रंग कोणता?
- रात्री चोर-डासांची भीती न बाळगता कोणत्या खिडक्या उघड्या राहतील, आणि हवा कुठून आत येऊन कुठून बाहेर जाईल?
- भिंतीचा वजनदार थर खोलीच्या बाजूला आहे का?
- मे मधल्या रात्री आम्ही कुठे झोपायचं?

शेवटचा प्रश्न ऐकून आर्किटेक्ट कदाचित हसेल. पण जैसलमेरमध्ये घर बांधणाऱ्यांनी त्याचं उत्तर भिंतीच्या जाडीइतकंच विचारपूर्वक शोधलं होतं. तुम्हीही नकाशा मंजूर करण्याआधी ते मागून घ्या.